नवी विक्रांत म्हणजे जुनीच दुरुस्त केलेली आहे का? नाव एकच कसं?

नाही ओ, विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका, त्यातली जुनी कधीच तोडली. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर असतो, नौदलाशी आपला संबंध एवढाच की शाळेच्या सहलीत मुंबईला जुन्या विक्रांतवर चढलोय, तेव्हा तिचं म्युझियम केलेलं, आणि तो उभा लोखंडी जिना उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला हे पक्कं लक्षात आहे.

तर ती जुनी म्हणजे ब्रिटिशांची अर्धवट राहिलेली हर्क्युलिस, आपण १९५७ ला विकत घेतली, १९६१ ला नौदलात आली, ७१ च्या युद्धात तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी चितगाव, कॉक्स बाजार झोडपलं. १९९७ ला रिटायर, २०१४ ला भंगारात. नवी कोचीत बांधली, २६२ मीटर लांब, २ सप्टेंबर २०२२ ला दाखल झाली. सगळं नवं, पण नाव, आर ११ हा नंबर आणि 'जयेम सं युधि स्पृधः' हे ब्रीद जुनंच ठेवलंय. आपल्याकडं आज्जाचं नाव नातवाला ठेवतात तसंच. करवीरच्या गादीवर नाही का शिवाजी, राजाराम परत परत येतात, इतिहासाच्या पेपरात फ्लॉरेन्सला वारलेले राजाराम कुठले यात माझे मार्क गेलेत.

मला भारी वाटते ती खुकरी या युद्धनौकेच्या नावाची गोष्ट. पहिली ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाज सोडून उतरलेच नाहीत. आमच्याकडं अकाली गेलेल्याचं नाव बाळाला ठेवायचं म्हटलं तर म्हाताऱ्या बायका नाक मुरडतात, पण नौदलानं माझगाव डॉकला बांधलेल्या जहाजाला १९८९ ला तेच नाव दिलं आणि ते ३२ वर्षं चाललं, २०२१ ला रिटायर झाल्यावर त्याला स्मारक म्हणून ठेवलं कुठं, तर दीवलाच.

बाकी जुन्या विक्रांतचं थोडं लोखंड बजाजनं घेऊन २०१६ ला व्ही नावाची गाडी काढली. शेजारच्या शेडमधल्या दोस्ताकडं आहे एक. चहाला थांबलो की टाकीवर थाप मारून म्हणतो, खरी विक्रांत ही, कोचीची नुसती नावाची. लोखंडाच्या हिशोबानं बरोबरच आहे गड्याचं.