‘जी-मेन’ म्हणजे कोण?

प्रश्न : जुन्या अमेरिकी गुन्हेगारी चित्रपटांत केंद्राच्या पोलिसांना ‘जी-मेन’ म्हणतात. हा ‘जी’ कशाचा? एका गुंडानेच हे नाव पाडलं म्हणतात, ते खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ‘जी’ गव्हर्नमेंटचा. जी-मेन म्हणजे सरकारची माणसं, मुख्यतः एफबीआय या केंद्राच्या तपास खात्याची.

तुमचा गुंड म्हणजे जॉर्ज ‘मशीनगन’ केली. जुलै १९३३मध्ये त्याने ओक्लाहोमा सिटीतल्या चार्ल्स अर्शेल या तेलवाल्या धनिकाला पळवलं आणि दोन लाख डॉलर उकळले. पण अर्शेल महावस्ताद निघाला. डोळ्यांवर पट्टी होती, तरी डोक्यावरून रोज ठरावीक वेळी जाणाऱ्या विमानांवर त्याने कान ठेवला. एके दिवशी मुसळधार पावसात विमान आलंच नाही, तेही त्याने ध्यानात ठेवलं. पाण्याची खनिजासारखी चव लक्षात ठेवली, हाताला लागेल त्या वस्तूवर बोटांचे ठसे सोडले. सुटल्यावर त्याने हे सगळं सांगितलं आणि तपासनीसांनी टेक्सासातल्या पॅराडाइज गावाजवळचं ते शेतघर हुडकून काढलं. माझ्या मते या प्रकरणाचा खरा नायक हाच!

केली सापडला २६ सप्टेंबरला, मेम्फिसमध्ये. एफबीआय सांगत आली की, तो हात वर करून ओरडला, ‘‘गोळी झाडू नका, जी-मेन!’’ पण त्याच्यावर बंदूक रोखणारा होता मेम्फिसचा स्थानिक पोलीस, आणि त्याच्या सांगण्यात केली एवढंच म्हणाला की, रात्रभर तुमचीच वाट बघतोय. मी पोलिसाच्या बाजूने. केंद्राच्या तपासनीसांना तेव्हा शस्त्र बाळगायचा आणि अटक करायचा कायदेशीर अधिकारही नव्हता; तो १९३४ साली मिळाला. खात्याचे प्रमुख जे. एडगर हूवर प्रसिद्धीत मुरलेले, त्यांना असं वाक्य आयतंच हवं होतं. १९३५मध्ये खात्याला एफबीआय हे नाव मिळालं, त्याच वर्षी नट जेम्स कॅग्नीचा ‘जी मेन’ हा चित्रपट आला आणि पोरंटोरंही ज्युनियर जी-मॅनचे बिल्ले लावून मिरवू लागली.

शब्द मात्र केलीच्या अटकेआधीच छापून आलेला होता. त्याहीआधी डब्लिनमध्ये पोलिसांच्या ‘जी’ विभागातल्या गुप्तहेरांना लोक जी-मेन म्हणत. आयरिश स्वातंत्र्ययुद्धात बंडखोरांचा नेता मायकल कॉलिन्स याच्या माणसांनी त्यांना वेचून टिपलं. तिथला ‘जी’ फक्त विभागाचं अक्षर.

आणि कुठे ‘टी-मेन’ दिसले, तर ते ट्रेझरीचे, म्हणजे अर्थखात्याचे. आज अमेरिकेत सरसकट ‘फेड्स’ म्हणतात, म्हणजे फेडरल, केंद्राचे.