‘नुसती रेघ’ काढलेला शनी

पत्र : मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला ८८ टक्के. जेईईचा क्लास लावलाय. पण रात्री ग्रहताऱ्यांची चित्रं काढत बसते, पुढेही हेच करणार म्हणते. अवकाशाचे फोटो यंत्रं काढतात, तिथं चित्रकार कशाला? परीक्षा होईपर्यंत तिच्या पाच वह्या कपाटात कुलूपबंद केल्यात. नमुन्याला एका पानाचा फोटो पाठवतोय. शनीची कडीसुद्धा धड नाहीत, नुसती रेघ ओढलीय. माझं उद्यमनगरात मशीन शॉप आहे. तिला समजावून सांगा.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. ८८ टक्क्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, चांगलेच आहेत. मला खटकलं ते कुलूप. वह्या कोंडल्या म्हणून चित्रं थांबत नसतात. ती फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर जातात, आणि तुमच्याशी बोलणं तेवढं थांबतं. पत्रभर तुम्ही चित्रांबद्दल तक्रार केलीत, पण त्यांत काय आहे हे तिला कधी विचारल्याचं दिसत नाही.

तुमचा तो फोटो मी मोठा करून पाहिला. खालच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं ‘टायटन’ लिहिलंय. टायटन हा शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. तो जवळजवळ कड्यांच्याच पातळीत फिरतो, त्यामुळे तिथून कडी धारेवर दिसणार. लेथवरची चकती कडेनं बघा, काय दिसतं? रेघच. पोरीनं आळस केलेला नाही, हिशेब केलाय. चुकलीय ती दुसरीकडे : आकाश स्वच्छ निळं रंगवलंय. टायटनवर नारिंगी धुरकं एवढं दाट आहे, की जमिनीवर उभं राहून शनी दिसायचाच नाही. पण १९४४ मध्ये चेस्ली बोनस्टेल या नावाजलेल्या अमेरिकन चित्रकारानंही टायटनवरून दिसणारा शनी असाच निळ्या आकाशात रंगवला होता. धुरकं किती दाट, ते १९८० मध्ये व्हॉयेजर-१ हे यान जवळून गेलं तेव्हा दिसलं.

आता यंत्रांचं. १९६५ च्या जुलैत मरिनर-४ या यानानं मंगळाजवळून पाठवले ते आकडे होते. संगणक त्यांचं चित्र उभं करेपर्यंत नासाच्या इंजिनिअरांना दम धरवेना. त्यांनी आकडे छापलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि आकड्यानुसार रंगीत खडूंनी भरून काढल्या. यानानं मंगळाजवळून टिपलेलं ते पहिलं दृश्य माणसांनी आधी हातानं रंगवून पाहिलं! आजची जेम्स वेब दुर्बीण टिपते तो अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. जास्त तरंगलांबीला तांबडा, कमीला निळा असे रंग देत ती चित्रं तयार करणं, हे तिथं काही माणसांचं रोजचं काम आहे. २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांची चित्रं जगभर छापून आली. ते ग्रह तसे कुणी पाहिलेलेच नाहीत. मोजमापांवरून चित्रकारांनी ते उभे केले.

म्हणून लगेच इस्रोत ‘चित्रकार’ पदाची जाहिरात शोधायला लागू नका. आपल्याकडे अशी कामं थोडी, आणि ठरलेली वाट नाही. तारांगणाचे शो, विज्ञान केंद्रं, पाठ्यपुस्तकं, ॲनिमेशन अशा ठिकाणी विज्ञान कळणारा डिझायनर लागतो. तेव्हा फिजिक्स सोडून चालणार नाही, हे तिलाही ऐकवा. परीक्षा म्हणाल तर डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड आणि एनआयडीची, आणि बीएफए म्हणजे कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी. जेईईचा क्लास ठेवायचा की सोडायचा ते तिला विचारून ठरवा, फी भरलीय हे कारण धरू नका.

बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तो याच गावात. आडनावासारखं चिकटलेलं ते ‘पेंटर’ ब्रशामुळेच. आणि तुम्ही उद्यमनगरात बसून मला विचारता, यंत्र असताना चित्रकार कशाला!

वह्या आज संध्याकाळीच बाहेर काढा. देताना ‘चुकलं’ म्हणणं जड जात असेल तर राहू द्या. टायटनवरचं आकाश निळं का काढलंस, एवढं विचारा. ती भांडेल बहुतेक.