आयफोन १५ घ्यावा की गॅलक्सी एस२४? वापर साधा: कॉल, व्हॉट्सॲप, यूपीआय, मुलांचे फोटो

एवढ्याच वापरासाठी मी एस२४ घेईन.

आधी सिमचं बघा. ऑफिसचा आणि घरचा असे दोन नंबर असतील तर एस२४ मध्ये दोन्ही कार्डं सरळ बसतात. भारतात मिळणाऱ्या आयफोन १५ मध्ये एकच बसतं, दुसरा नंबर ई-सिमवर (कार्डाशिवाय, फोनमध्येच असलेलं सिम) न्यावा लागतो. होतं ते काम, पण उद्या फोन बंद पडला तर कार्ड काढून जुन्या हँडसेटमध्ये टाकायची सोय गेली.

फोटोंचं म्हणाल, तर शाळेच्या गॅदरिंगला आपण कायम मागच्या रांगेत! एस२४ ला ३एक्स झूमची वेगळी लेन्स आहे, त्यामुळे स्टेजवर झाड झालेलं आपलं पोर निदान ओळखू येतं. आयफोन १५ मुख्य ४८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातूनच २एक्स काढतो, त्यापुढे नुसतं डिजिटल झूम, म्हणजे तोच फोटो ताणून मोठा करणं. व्हिडिओत मात्र आयफोन सरस, माझ्या मते तरी.

स्क्रीन एस२४ ची १२० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकते), आयफोनची ६०. आधीचा फोन १२० चा असेल तर आयफोनवर स्क्रोल करताना खटकेल, नसेल तर कळणारही नाही. अपडेट्सचं सॅमसंगने ७ वर्षांचं आश्वासन दिलंय. चार्जर दोघांच्याही बॉक्समध्ये नाही, तो खर्च धरा.

घरात बाकी सगळ्यांकडे आयफोन किंवा मॅक असेल तर वरचं सगळं विसरा आणि आयफोनच घ्या. एअरड्रॉपवाचून (ॲपलच्या फोन-मॅकमध्ये थेट फोटो पाठवायची सोय) प्रत्येक लग्नाचे फोटो तुमच्याकडे शेवटी पोचतील.