‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्ड गेमच्या टूर्नामेंटला स्लीव्ह (कार्डांवर घालायची प्लास्टिकची कव्हरं) कंपल्सरी असतात का? रंग मिक्स चालतील का?
कंपल्सरी नाहीत, पण घातल्या तर डेकच्या (खेळायच्या गठ्ठ्याच्या) सगळ्या कार्डांना सेम टू सेमच हव्यात, मिक्स रंग अजिबात नाही. स्लीव्हवर होलोग्राम असेल तर तो सगळ्यांवर कार्डाच्या पुढच्या बाजूलाच आला पाहिजे, पाठीवर नाही. डेकमध्ये दोन्ही बाजूंनी छापलेली कार्डं असतील आणि त्यांच्या जागी ठेवायची बदली कार्डं वापरत नसशील तर मात्र आरपार न दिसणाऱ्या स्लीव्ह लागतातच. जुन्यात एकदोन नव्या घुसडू नकोस, पाठीवरून कार्ड ओळखू येतं आणि मार्क्ड म्हणून पेनल्टी बसते, मुद्दाम केलं नसलं तरी. समोरचा जजला बोलवून चेक करायला लावू शकतो. आणि पुण्याच्या पावसाळ्यात फॉइल (चकचकीत) कार्डं वाकतात रे, स्लीव्हमधूनही कळतं, त्यामुळे साधीच खेळ. चारपाच स्लीव्ह त्याच पाकिटातल्या एक्स्ट्रा ठेव.