घाटात इंजिनाचा आवाज टिपताना

आधी रेकॉर्डरचा ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद कर. तो चालू राहिला, की इंजिन जोरात ओरडतं नेमकं तेव्हाच आवाज दाबला जातो आणि त्यातला जीवच जातो. सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू दे. बॉनेटखाली छोटा कॉलर माइक, वारा अडवणाऱ्या केसाळ टोपीसकट, एअर फिल्टरच्या डब्याजवळ घट्ट बांध. पंखा, बेल्ट आणि एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्या यांपासून लांब. दुसरा माइक मागे, पण सायलेन्सरच्या तोंडासमोर नको, बाजूला.

गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढताना दुसऱ्या गियरमध्ये इंजिनावर जो भार येतो, तो आवाज सपाट रस्त्यावर मिळतच नाही. पावसात जाऊ नकोस, ओल्या रस्त्यावर टायरचा सळसळाट सगळं गिळतो. आणि रेकॉर्डर सोबतच्या माणसाकडे दे. वळणांवर तुझी नजर रस्त्यावरच हवी.