टीव्ही बंद करू नकोस

१२ ऑक्टोबर २०२५, फ्रीमाँट

पोरी,

अनेक आशीर्वाद. शुक्रवारी सकाळी तुझा "संपलं" एवढाच मेसेज आला. तुझ्या आईला वाटलं, परीक्षेत काहीतरी बिनसलं. मी तिला सांगितलं, परीक्षा नाही, फिलीज, तिचा फिलाडेल्फियाचा बेसबॉल संघ. तिला ते त्याहून कमी कळलं.

"अगं, खेळच तो" असं मी म्हणणार नाही. मार्चअखेरीपासून १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज एक. त्यातले ९६ जिंकले, तुमच्या श्वार्बरने ५६ होम रन (म्हणजे एका फटक्यात पूर्ण फेरी) मारले, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, डॉजर्सपुढे चार सामन्यांत गाशा गुंडाळला. राग येणारच, दोन दिवस खुशाल रुसून बस.

पण त्या केरकरिंगला, तुमच्या गोलंदाजाला, शिव्या देणं थांबव. चौथा सामना, अकरावी इनिंग, दोन बाद, तिन्ही बेसवर डॉजर्सचे धावपटू. चेंडू सरळ त्याच्याकडे आला. पहिल्या बेसवर फेकला असता तर तिसरा बाद होऊन इनिंग तिथेच संपत होती. पण तो चेंडू आधी निसटला आणि मग घाबऱ्या घाबऱ्या त्याने होम प्लेटकडे (जिथे धाव पूर्ण होते) फेकला, तोही बाजूला, आणि डॉजर्सची विजयी धाव निघाली. चूक मोठी, वाद नाही. पोरगा चोवीस वर्षांचा आहे, आणि नंतर पत्रकारांसमोर उभा राहून बोलला. आता मला सांग, अकरा इनिंग्जमध्ये तुझ्या फलंदाजांनी धावा किती काढल्या? एक! आणि फिलाडेल्फियातले पहिले दोन्ही सामने कुणी घालवले? तेव्हा तो चेंडू केरकरिंगच्या हातात नव्हता.

गणितही करून बघ. एखादा संघ दर सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के धर, म्हणजे चांगलाच सरस संघ. तरी पाच सामन्यांची मालिका तो शंभरातून साधारण एकेचाळीस वेळा हरतो. याने समाधान होत नाही, मला ठाऊक आहे. मलाही झालं नव्हतं.

२००१ साली आम्ही ओकलंडवाले, म्हणजे आमचा अ‍ॅथलेटिक्स संघ, १०२ सामने जिंकून आलो होतो. न्यूयॉर्कला जाऊन यांकीजना त्यांच्याच घरात दोनदा हरवलं होतं. तिसरा सामना इथे. १३ ऑक्टोबरची रात्र, मी कोलिझियम या आमच्या मैदानाच्या वरच्या थरात, अंगावर ऑफिसातून आणलेलं जाड जॅकेट. यांकीज १-० पुढे, सातवी इनिंग, आमचा जेरेमी जियाम्बी बरोबरीच्या धावेसाठी पहिल्या बेसवरून पळत सुटला. मैदानाच्या कडेने फेकलेला चेंडू यांकीजच्या मधल्या दोघांच्या डोक्यावरून गेला, आम्ही सगळे उभे राहिलो. आणि तो यांकीजचा जीटर, ज्याचं तिथे काही काम नव्हतं, कुठून तरी धावत आला आणि त्याने चेंडू आडव्या हाताने कॅचरकडे भिरकावला. जियाम्बीने जमिनीवर घसरत जायला हवं होतं, तो उभ्याने पळत आला आणि बाद झाला. मालिका आम्ही २-३ हरलो. २००० ते २००३, चारही वर्षं पाचव्याच सामन्यात हरलो. (आता तर तो संघच ओकलंडमध्ये राहिला नाही. त्याबद्दल आज नको.)

मी मात्र त्या वर्षी एक मूर्खपणा केला. रागाने टीव्ही बंद केला तो मार्चपर्यंत. परिणाम काय, तर ज्या यांकीजनी आम्हाला घरी पाठवलं, ते नोव्हेंबरात वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, अ‍ॅरिझोनाविरुद्ध सातव्या सामन्याच्या अगदी शेवटच्या इनिंगमध्ये हरले, तेही त्यांचा स्वतःचा हुकमी गोलंदाज दस्तुरखुद्द मारियानो रिव्हेरा गोलंदाजीला असताना. हे मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉफी घेताना कळलं. चोवीस वर्षं झाली, अजून चुटपुट लागते. तुकडे पाहिलेत पुष्कळ वेळा, पण निकाल माहीत असताना पाहणं म्हणजे शिळी भाकरी.

तू शुक्रवारी रात्री काय केलंस, ते मला माहीत आहे. सिअ‍ॅटल आणि डेट्रॉइट पाचवा सामना पंधरा इनिंग्ज खेळले, सिअ‍ॅटल ३-२ ने जिंकलं, आणि तू झोपलीस. सिअ‍ॅटलचा संघ आजवर वर्ल्ड सिरीजला एकदाही पोचलेला नाही. फिलीजवर प्रेम करणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे पाठ फिरवणं शोभत नाही.

आज रात्री टोरांटोत त्यांचा पुढच्या फेरीतला पहिला सामना आहे. वही घे, पेन घे, प्रत्येक फलंदाजाचा हिशोब स्वतः लिही. टाळ्या कुणासाठीही वाजवू नकोस, हवं तर तोंड फुगवूनच बस. पाचव्या इनिंगला मी फोन करते. उचल.

तुझी,
मावशी