रिपोर्टमधील ‘ग्रेड २’ म्हणजे काय?

प्रश्न : माझ्या आईच्या (वय ५८) उजव्या स्तनातील गाठीची सुईने बायोप्सी केली. रिपोर्ट शनिवारी हाती आला आणि डॉक्टरांची भेट मंगळवारी आहे. त्यात ‘इनव्हेसिव्ह कार्सिनोमा, ग्रेड २, स्कोअर ३+३+१=७’ असे लिहिले असून खाली ईआर ८/८, पीआर ६/८, ‘हर-टू इक्विव्होकल, २+’ आणि केआय-६७ १८ टक्के असे आकडे आहेत. कॅन्सर दुसऱ्या टप्प्यात जाऊन शरीरात पसरला आहे का? तीन-तीन गोष्टी पॉझिटिव्ह म्हणजे आजार अधिक गंभीर समजायचा का? आईला अजून काहीच सांगितलेले नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : प्रथम रिपोर्टवरील नाव, वय आणि ‘उजवा स्तन’ ही नोंद बरोबर असल्याची खात्री करून घ्या, आकड्यांच्या नादात ही ओळ कुणी वाचतच नाही.

ग्रेड आणि स्टेज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्टेज ठरते ती गाठीचा आकार, काखेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) आणि इतर अवयवांपर्यंतचा प्रसार यांवरून, त्यामुळे सुईने काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टवरून ती सांगता येत नाही. ग्रेड आम्ही पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठरवतो. पेशींनी नलिकांसारखी रचना कितपत राखली आहे, त्यांची केंद्रके किती वेडीवाकडी झाली आहेत आणि किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत दिसतात, या तीन बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले जातात. बेरीज ३ ते ५ आल्यास ग्रेड १, ६ किंवा ७ आल्यास ग्रेड २ आणि ८ किंवा ९ आल्यास ग्रेड ३. आईच्या रिपोर्टमधील शेवटचा १ हा विभाजनाचा गुण आहे, म्हणजे पेशींचे रूप बरेच बिघडलेले असले तरी विभागणाऱ्या पेशी या तुकड्यात थोड्याच दिसल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गाठ तपासली की हा गुण, आणि त्याबरोबर ग्रेडही, बदलू शकतो. तसे झाल्यास पहिला रिपोर्ट चुकला असे समजू नये, कारण सुईच्या वाट्याला गाठीचा लहानसा भागच आलेला असतो.

‘इनव्हेसिव्ह’ या शब्दाचा अर्थही ‘शरीरभर पसरलेला’ असा नाही. स्तनातील कॅन्सरच्या पेशी जोवर दुग्धनलिकेच्या आतच असतात, तोवर त्याला ‘इन सिटू’ म्हणतात. नलिकेची सीमा ओलांडून त्या आजूबाजूच्या ऊतीत शिरल्या की तो इनव्हेसिव्ह. त्या काखेपर्यंत किंवा त्यापुढे गेल्या आहेत का, याचे उत्तर इतर तपासण्यांतूनच मिळेल.

पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, हे समीकरण करोनाच्या साथीपासून आपल्या मनात घट्ट बसले आहे. येथे ते लागू नाही. ईआर आणि पीआर हे पेशींमधील ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके (हार्मोन्स) जेथे चिकटतात त्या जागा. ते दिसावेत म्हणून तुकडा खास रंगवतात. ८ पैकी जास्तीत जास्त ५ गुण रंग धरलेल्या पेशींच्या प्रमाणाला आणि ३ गुण रंगाच्या गडदपणाला असतात. ईआर ८/८ याचा अर्थ बहुसंख्य पेशींनी गडद रंग धरला आहे आणि संप्रेरकांना रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होण्याची चांगली शक्यता आहे. म्हणजे उपचाराचा एक मार्ग खुला झाला आहे.

हर-टू (पेशींच्या वाढीला चालना देणारे एक प्रथिन) मात्र पॉझिटिव्हही नाही आणि निगेटिव्हही नाही. ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह आणि २+ अनिर्णित, असा संकेत आहे. अनिर्णित आल्यास सहसा त्याच तुकड्यावर ‘फिश’ ही जनुकाची तपासणी करतात, त्यासाठी बहुधा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर ट्रास्टुझुमॅबसारख्या, हर-टूला लक्ष्य करणाऱ्या औषधाचा विचार होतो. म्हणून मंगळवारी ‘फिश पाठवली आहे का’ हा प्रश्न अवश्य विचारा. केआय-६७ हे विभाजनचक्रात असलेल्या पेशींचे प्रमाण आहे. प्रयोगशाळेगणिक या आकड्यात फरक पडतो, तेव्हा एकट्या त्यावरून काही ठरवू नये.

शेवटचे, तुम्ही न विचारलेले. रिपोर्ट आईच्या नावाचा आहे आणि उपचाराला संमती तिलाच द्यायची आहे. आपल्या घरांत रुग्णाला सोडून सगळ्यांना सगळे ठाऊक असते. मंगळवारी तिला खोलीबाहेर बसवू नका.

प्रश्न : वडिलांच्या जिभेवरील जखमेचा रिपोर्ट घेऊन आम्ही मुंबईला गेलो, तर तेथे ‘ब्लॉक आणि स्लाइड आणा’ असे सांगितले. छापील रिपोर्ट असताना हे कशासाठी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : रिपोर्ट हे एका पॅथॉलॉजिस्टचे मत आहे, मूळ पुरावा स्लाइडवर असतो. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून नंतर पॅराफिन मेणात बसवतात, तो ब्लॉक. त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप रंगवले की स्लाइड तयार होते. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी उपचार ठरवण्यापूर्वी तेथील पॅथॉलॉजिस्ट या स्लाइड स्वतः पाहतात, आणि जादा तपासण्या लागल्या तर ब्लॉकमधून नवे काप घेता येतात. पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास असा याचा अर्थ नाही. प्रयोगशाळेत लेखी अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मिळतात. त्यांवरील क्रमांक रिपोर्टवरील क्रमांकाशी जुळवून पाहा, ते परत कधी द्यायचे हे विचारा आणि प्रवासात ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, कारण मेण मऊ पडते.

प्रश्न : बायोप्सीत ‘कॅन्सर आढळला नाही’ असे आले, तरी डॉक्टर पुन्हा बायोप्सी करू म्हणतात. पैशांसाठी तर नव्हे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तुमची शंका मी समजू शकतो, पण पूर्ण वाक्य ‘या तुकड्यात कॅन्सर आढळला नाही’ असे आहे. गाठ हाताला टणक लागत असेल, मॅमोग्राफी किंवा स्कॅनमध्ये संशयास्पद दिसत असेल आणि तुकड्यात मात्र केवळ चरबी किंवा सूज सापडली असेल, तर सुई नेमक्या जागी पोहोचली नसण्याची शक्यता असते. ‘तपासणी आणि स्कॅन यांच्याशी रिपोर्ट जुळतो का?’ असे डॉक्टरांना सरळ विचारा. उत्तर ‘नाही’ असे आले, तर दुसरी बायोप्सी करून घ्या.